साठ सेकंदांचा हुकूम

*नाशिक, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३, नारळी पौर्णिमा. पंचवटीतल्या आमच्या घरातला संगणक, आईची एक वही आणि संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांपर्यंतचा घटनाक्रम.*

२७ दिवस आधी : बुधवार, १६ जुलै

मायक्रोसॉफ्टने एक पत्रक काढलं. क्रमांक एमएस०३-०२६. विंडोजमध्ये एक भोक सापडलं होतं. पोलंडमधल्या एका संशोधक गटाने ते शोधून कंपनीला कळवलं होतं, आणि बुजवायचं ठिगळ, म्हणजे पॅच, पत्रकासोबत फुकट ठेवलेलं होतं.

भोक होतं ते असं. एका संगणकाने दुसऱ्याला ‘माझं एवढं काम कर’ म्हणून सांगायची विंडोजमध्ये एक सोय असते, आरपीसी नावाची. अशा निरोपात संगणकाचं नाव लिहायला ठरावीक लांबीचा रकाना होता. पण आलेलं नाव त्या रकान्यात मावतंय का, हे कुणी मोजतच नव्हतं. मुद्दाम लांबलचक नाव पाठवलं की जास्तीची अक्षरं शेजारी सांडायची आणि सांडलेल्या अक्षरांनाच संगणक हुकूम समजायचा.

धोका एनटी, २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना होता. जुन्या विंडोज ९८ ला नव्हता. पॅच सुमारे सव्वा एमबीचा, एका फ्लॉपीत मावेल एवढा. डायल-अपवर पाच-सहा मिनिटांचं काम.

आमच्या घरात या पत्रकाचा कुणाला पत्ता असण्याचं कारण नव्हतं. समोरची खोली म्हणजे आईचं डीटीपी : एक्सपी टाकलेला पेंटियम, पेजमेकर, श्री-लिपीचे फॉन्ट आणि एक लेझर प्रिंटर. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवस्थानांच्या पावत्या. त्या आठवड्यात एका गणेश मंडळाच्या ४८ पानी स्मरणिकेचं काम आलं. गणपती ३१ ऑगस्टला बसणार होते.

१८ दिवस आधी : शुक्रवार, २५ जुलै

चीनमधल्या एक्सफोकस नावाच्या गटाने त्या भोकातून आत कसं शिरायचं याचा कोड जाहीर केला. ठिगळाची हीच गंमत असते. ते कुठे लावलंय हे पाहिलं की कापड कुठे फाटलंय हेही कळतं. ज्यांनी ठिगळ लावून घेतलं नाही, त्यांचा पत्ता आता सगळ्यांना ठाऊक झाला होता. जुलैअखेर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेही इशारा दिला.

आमच्याकडे ‘अपडेट’ हा शब्द माहीत होता. खाली उजव्या कोपऱ्यात अधूनमधून एक फुगा यायचा. आई तो पुसून टाकायची. फोनचं बिल वाढतं म्हणून.

आदली रात्र : सोमवार, ११ ऑगस्ट

अमेरिकेत सोमवारचा दिवस चालू असताना कुणीतरी ती कीड सोडली. पुढे तिला ब्लास्टर म्हणू लागले. फाइलचं नाव एमएसब्लास्ट, आकार ६,१७६ बाइट. एका फ्लॉपीत अशा दोनशेहून जास्त मावल्या असत्या.

तोपर्यंत घरोघरच्या लोकांना व्हायरस म्हणजे ईमेलमधून येणारी चीज वाटायची. अनोळखी पत्र उघडू नका, की झालं. ब्लास्टरला तुमच्या बोटाची गरजच नव्हती. एका संगणकात शिरली की ती इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत सुटायची. १३५ क्रमांकाचं दार उघडं दिसलं की लांबलचक नावाचा निरोप, आणि आत. तिच्या पोटात दोन वाक्यं दडवलेली होती. एकात सॅन नावाच्या कुणावर तरी प्रेम असल्याची कबुली होती. दुसऱ्यात बिल गेट्सना टोमणा होता, की पैसे कमावणं पुरे, आता आपलं सॉफ्टवेअर दुरुस्त करा.

पंचवटीत आम्ही झोपलो होतो. स्मरणिकेची ४७ पानं लागून झाली होती. एकाच जाहिरातीची वाट होती.

सकाळी ९.१५ : उरले ९ तास ५ मिनिटं

आईने नारळ खवून ठेवला, हात पुसले आणि मेल बघायला म्हणून नेट लावलं. मोडेमचं ते किरकिरणं, मग शिट्टी, मग शांतता. तीन-चार मिनिटं बरी गेली असतील. मग पडद्याच्या मध्यावर एक चौकट उगवली. काम जपून ठेवा, संगणक बंद होतोय, हा हुकूम ‘एनटी ऑथॉरिटी’ने दिलाय. खाली आकडा होता. ६०, ५९, ५८.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, “ही कोण ऑथॉरिटी? आपण कुणाचं काही थकवलंय का?”

शून्य आलं. पडदा काळा झाला आणि संगणक पुन्हा सुरू झाला, काही झालंच नाही अशा थाटात.

सकाळी १०.१० : उरले ८ तास १० मिनिटं

दुसऱ्यांदा. बाबांनी विजेवर ठपका ठेवला. सिंहस्थ चालू, तपोवनात साधुग्राम वसलेलं, सगळा भार पंचवटीवर, व्होल्टेज टिकणार कसं? त्यांनी यूपीएसची वायर काढून दुसऱ्या पॉइंटला लावली. टेस्टर घालून अर्थिंग पाहिलं. मग फ्रिज बंद करून पाहिला.

आईने मंडळाच्या कामाची वही ओढली आणि मागच्या पानावर तीन रकाने आखले : वेळ, काय झालं, मी काय करत होते. “डॉक्टरकडे जायचं तर ताप कधी येतो ते सांगायला नको?” एवढंच म्हणाली.

सकाळी ११.३० : उरले ६ तास ५० मिनिटं

हार्डवेअरवाला मुलगा आला. कॅबिनेटचं झाकण उघडलं, प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ फुंकली, रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, सोबत आणलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लावून पाहिला.

यातलं काहीच चूक नव्हतं, फक्त ते दुसऱ्याच रोगाचं औषध होतं. आपोआप रीस्टार्ट होणारा संगणक तीन तऱ्हांनी बोलतो. कसलीही सूचना न देता, दिवे गेल्यासारखा फटकन बंद पडला तर वीज आणि उष्णता तपासायची : एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी, पंखा. क्षणभर निळा पडदा चमकून गेला तर रॅम, डिस्क किंवा एखादा ड्रायव्हर. हा निळा पडदा एक्सपीत बहुतेकांना दिसायचाच नाही, कारण बिघाड झाला की लगेच रीस्टार्ट व्हायचं अशी खूण तिथे आधीपासून केलेली असायची. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डखाली जाऊन ती काढली की पडदा थांबायचा आणि त्यावरचा क्रमांक वाचता यायचा. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे मुदत देऊन, कारण सांगून बंद होणं. तिथे लोखंड निर्दोष असतं. निर्णय विंडोजने स्वतः घेतलेला असतो.

आमच्या समोर तिसरी तऱ्हा साठ सेकंद उभी राहत होती आणि आम्ही इलाज पहिलीवर करत होतो.

मुलाने झाकण लावलं आणि संगणक चालू केला. वीस मिनिटं उत्तम चालला. “झालं काकू. रॅम सैल होती.” दीडशे रुपये घेऊन तो गेला. या वीस मिनिटांत नेट लावलेलं नव्हतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुपारी १२.५० : उरले ५ तास ३० मिनिटं

जेवायच्या आधी आईने पुन्हा मेल बघायला घेतली. चौथ्या मिनिटाला ऑथॉरिटी हजर. ६०, ५९.

नेट बंद पडताच फोन खणखणला. आत्या होती. “राखीच्या दिवशी तरी फोन मोकळा ठेवा रे! सकाळपासून एंगेज लागतोय.”

दुपारी २.०५ : उरले ४ तास १५ मिनिटं

नारळी भात खाऊन सगळे लवंडले. आई वही घेऊन बसली होती. पाच नोंदी झाल्या होत्या. तिसऱ्या रकान्यात पाचही वेळा एकच मजकूर : नेट लावलं होतं.

“विजेचं काही नाही,” ती म्हणाली. “फोन जोडला की मरतंय ते. जे काही येतंय ते तारेतून येतंय.”

अंधारात मारलेला खडा नेमका लागला होता. डायल-अप जोडताच आपल्या संगणकाला इंटरनेटवर एक पत्ता मिळतो आणि त्या दिवशी कुठल्याही पत्त्यावर काही मिनिटांत कुठली ना कुठली ब्लास्टर येऊन ठोठावत होती. दार फोडायच्या आधी तिला एक अंदाज करावा लागे, की समोर एक्सपी आहे की २०००? दोघांची कुलपं वेगळी. तिने बहुतेक वेळा एक्सपी धरून चालायचं असं ठरलेलं होतं. अंदाज चुकला की आरपीसी सेवाच कोसळायची, आणि त्या सेवेवाचून एक्सपीचं पान हलत नसल्यामुळे विंडोज साठ सेकंदांची मुदत लावून स्वतःला नव्याने सुरू करायचं. म्हणजे आम्हाला ऐकू येत होता तो बहुधा फसलेल्या घरफोडीचा आवाज होता. किल्ली बरोबर लागली असती तर आवाजही झाला नसता.

दुपारी ३.४० : उरले २ तास ४० मिनिटं

मी सायकल काढून होळकर पुलावरून रविवार कारंज्याला गेलो. तिथल्या सायबर कॅफेत आठ संगणक होते. पाच एक्सपीचे, आणि पाचही काळे. तीन जुने, विंडोज ९८ चे, निवांत चालू. मालकाने वर्षभर ज्या तीन डबड्यांना विकायची भाषा केली होती, त्यांच्यासमोर आता रांग लागली होती.

साडेपाचला माझा नंबर आला. तोवर रांगेतल्या प्रत्येकाकडे अर्धं अर्धं ज्ञान जमलं होतं. चौकट आली की स्टार्ट, मग रन, आणि तिथे टाइप करायचं : शटडाउन, एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला चिकटून ए. मोजणी जागच्या जागी थांबते. मग पॅच चढवायचा. मी पॅच उतरवून फ्लॉपीत घेतला, फ्लॉपी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळली, कारण पाऊस भुरभुरत होता, आणि निघालो.

संध्याकाळी ६.१० : उरली १० मिनिटं

घरी प्रेसवाल्याचा निरोप येऊन गेला होता : ट्रेसिंग पेपरवर काढलेली पानं रात्री आठपर्यंत हवीतच. मंडळाच्या खजिनदारांनी शेवटची जाहिरात मेलने पाठवली होती. आईने आधी फाइल जपली, मग ‘पाचच मिनिटं’ म्हणत नेट जोडलं. जाहिरात उतरली. तिने ती ४८ व्या पानावर बसवली आणि दोन ओळींचा मजकूर दुरुस्त केला.

संध्याकाळी ६.१२ : उरली ८ मिनिटं

पुलावर गर्दी थिजलेली. खांद्यांवर गाठोडी घेतलेले भाविक, पोलिसांच्या शिट्ट्या, पावसात वितळलेला गुलाल. सायकल हातात धरून पाऊल पाऊल सरकत होतो. पुलाच्या तोंडाशी पानटपरीवर एक रुपयाचा लाल फोन दिसला. घरी सांगून ठेवावं म्हणून नाणं टाकलं. नेट लावू नकोस, लावलंच असेल तर ही आज्ञा टाइप कर.

एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तो आवाज ऐकताच कळलं की नेट लावलेलं आहे.

संध्याकाळी ६.१९ : उरले ६० सेकंद

मामा आला होता. आई खुर्चीवरून उठली, निरांजन लावलं, त्याला पाटावर बसवलं. संगणकाकडे तिची पाठ होती.

६०. तिने कुंकू लावलं.

४५. अक्षता.

३०. तबक फिरू लागलं. मामा पडद्याच्या बाजूला तोंड करून बसला होता. “ताई, ते काय आकडे पळतायत गं?”

२२. ती वळली. तबक मामाच्या हातात. दोन ढांगांत खुर्ची.

१७. तिने तेच केलं जे कुणीही केलं असतं. काम जपायची आज्ञा दिली.

४८ पानं, त्यात स्कॅन केलेले फोटो, त्यात आताच बसवलेली जाहिरात. हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकत राहिला. पेजमेकरचं घड्याळ फिरत राहिलं. ५. ४. दिवा लुकलुकतोच आहे. २. १.

संध्याकाळी ६.२०

पडदा काळा.

संगणक नेहमीसारखा परत उठला. फाइल जागेवर होती, नाव तेच, आकार निम्मा. उघडायला गेल्यावर पेजमेकरने नकार दिला. जुनी फाइल पुसून नवी लिहिणं चालू असतानाच हात तोडला गेला होता. तिने जपायची आज्ञा दिली नसती, तर गेली असती फक्त दहा मिनिटं. जपायला गेली म्हणून सगळं गेलं.

५ मिनिटं उशिरा : ६.२५

दारात मी, ओला, आणि हातात दुधाच्या पिशवीतली फ्लॉपी.

नंतर

नेट तोडलं. टास्क मॅनेजरमध्ये एमएसब्लास्ट बसलेली दिसली. म्हणजे फसलेल्या घरफोड्यांच्या मध्ये एक यशस्वीही झाली होती. ती थांबवली, फाइल पुसली, रजिस्ट्रीतली तिची नोंद काढली. नोंदीचं नाव होतं ‘विंडोज ऑटो अपडेट’. पॅच चढवला. एक्सपीत एक फायरवॉल होती आणि ती बंद होती, ती चालू केली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. रविवारी फ्लॉप्यांवर जपून ठेवलेली ३१ पानं सापडली. उरलेली सतरा प्रूफच्या कागदांवरून आईने रात्रभर पुन्हा लावली. बाबा वाचून दाखवत होते. प्रेसवाल्याला उशीर कळवायला फोन केला तर तो म्हणाला, निवांत द्या, आमचाही संगणक सकाळपासून मोजतोय.

१६ तारखेपासून जगभरच्या बाधित संगणकांनी मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यावर एकदम तुटून पडायचं, असं किडीत लिहिलेलं होतं. दवाखान्याच्याच दारात गर्दी करायची, म्हणजे औषध कुणाला मिळू नये. कंपनीने १५ लाच तो पत्ता मोडीत काढला आणि हल्ला फुकट गेला. १८ ला दुसरी एक कीड आली. ती त्याच भोकातून शिरून ब्लास्टरला मारायची, पॅच चढवायची, आणि या परोपकारात नेटवर्कं तुंबवायची. महिनाअखेर अमेरिकेत १८ वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली, पण त्याने फक्त एक सुधारित आवृत्ती सोडली होती. मूळ कर्ता कधीच सापडला नाही. वर्षभराने आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल पहिल्यापासून चालू ठेवली गेली.

नाशिकला मात्र हे काही आठवत नाही, आणि आठवूही नये. त्याच महिन्यात २७ तारखेला, सिंहस्थाच्या स्नानाला रामकुंडाकडे निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. अनर्थ हा शब्द त्या दिवसासाठी राखून ठेवलेला बरा. आमचं गेलं ते सतरा पानांचं काम.

तरीही ते मला पुन्हा आठवलं १९ जुलै २०२४ ला. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक लहानशी फाइल जगभर पाठवली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण तोवर विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली होती. घरगुती संगणक या वेळी वाचले. ते सॉफ्टवेअर कार्यालयांतच असतं. २००३ मध्ये ठिगळ लावलं नाही म्हणून बुडालो होतो, २०२४ मध्ये ठिगळच आपोआप लागलं म्हणून बुडालो. पण चौकशीत जे बाहेर आलं ते ओळखीचं होतं : नव्या नमुन्यात २१ रकाने धरलेले, आणि प्रत्यक्षात आत येत होती २० मूल्यं. एकविसावं वाचायला गेलेला संगणक नसलेल्या जागी पाय टाकून पडला. एकवीस वर्षांपूर्वी नावाची लांबी कुणी मोजली नव्हती, आता रकाने कुणी मोजले नव्हते.

आमच्या घरात त्या दिवशी मोजणारं माणूस एकच होतं. ती वही अजून आहे. मागच्या पानावर सहा नोंदी आहेत. पहिल्या पाचांसमोर ‘नेट लावलं होतं’ असं आहे. सहावी रात्री उशिरा, पानं लावता लावता केलेली असावी, अक्षर थोडं वाकडं आहे. वेळ : ६.२०. काय झालं : फाइल गेली. मी काय करत होते : ओवाळत होते.